फाइल पाहून हुकूम

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात अहवाल आणि गाणी यांच्यामध्ये संगणकावरचे भाषण बसवण्याचे धाडस आपल्या चिटणीसबाईंनी केले आहे, तेव्हा त्याचे बरेवाईट श्रेय त्यांचेच. "तुमच्या कामातले काहीतरी सांगा, पण आम्हांला समजेल असे सांगा," एवढीच त्यांची अट होती. मी गेली वीस वर्षे प्रोग्रॅम लिहिण्याचे काम करते. त्या कामात सबंध दिवस माझ्यासमोर जी एक वस्तू उघडी असते, तिच्यातल्या एका सोयीविषयी बोलावे असे मी ठरवले. आपल्यापैकी निम्म्या जणींच्या घरी कोणी ना कोणी या धंद्यात आहे. मुलगा किंवा सून रात्री अकरा वाजता काळ्या पडद्याकडे बघत काय करीत असते, हे कोडे आपणांस पडतच असेल.

त्या वस्तूला टेक्स्ट एडिटर म्हणतात. एडिटर म्हणजे येथे वर्तमानपत्राचा संपादक नव्हे; निव्वळ अक्षरे लिहिण्याचे आणि दुरुस्त करण्याचे साधन. पत्र लिहिताना आपण अक्षर ठळक करतो, मथळ्याला रंग देतो, तसे येथे काही नाही. अक्षर, मोकळी जागा आणि नवी ओळ, एवढाच त्याचा संसार. प्रोग्रॅम अशा साध्या फाइलींतच लिहितात, कारण तो वाचणार असते यंत्र, आणि यंत्राला रंगाचे कौतुक नसते. मोकळ्या जागेचे मात्र त्याला फार असते, आणि माझ्या आजच्या विषयाचे मूळ तेथेच आहे.

मी वापरते त्या एडिटरचे नाव विम. अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात बिल जॉय यांनी १९७६ मध्ये व्हीआय नावाचा एडिटर लिहिला होता. हॉलंडच्या ब्राम मूलेनार यांनी त्याच धर्तीवर विम रचला आणि १९९१ मध्ये तो लोकांना वाटला. वाटला असे मी म्हणते, कारण त्याला किंमत नाही. हे गृहस्थ १९९४ साली युगांडातल्या किबाले या गावी मुलांच्या एका केंद्रात पाण्याची आणि स्वच्छतेची कामे करीत वर्षभर राहिले होते. तेव्हापासून त्यांचे मागणे एकच असे : विम उपयोगी पडला तर त्या मुलांसाठी काही द्या. रिकामा विम उघडला की पडद्यावर त्या मुलांची आठवण देणारी एक ओळ वर्षानुवर्षे दिसत आली. २०२३ च्या ऑगस्टमध्ये मूलेनार गेले, आणि जानेवारी २०२४ मध्ये निघालेली ९.१ ही आवृत्ती त्यांना अर्पण करण्यात आली. आपण मंडळात वर्गणी गोळा करताना किती चपला झिजवतो ते आठवले की मला त्या एका ओळीचे मोठे कौतुक वाटते. असो, विषयाकडे येते.

फाइली अनेक प्रकारच्या असतात, आणि मोकळ्या जागेविषयी प्रत्येकीचे सोवळे वेगळे. पायथन नावाच्या भाषेत कोणती ओळ कोणत्या ओळीच्या हाताखाली आहे, हे ती किती आत सरकवली आहे त्यावरून ठरते. दर पायरीला चार जागा सोडाव्यात असा तिथला शिष्टाचार आहे, आणि वेड्यावाकड्या सरमिसळीने जागा व टॅब घातले तर पायथन काम करण्यासच नकार देते. टॅब म्हणजे त्या नावाची कळ दाबली असता पडणारे एकच लांब अंतर. डोळ्यांना ते चार किंवा आठ जागांसारखे दिसते, पण यंत्राच्या लेखी ते निराळे अक्षर आहे. वेबसाइटच्या पानांच्या फाइलींत बहुतेक जणी दोनच जागा सोडतात, नाहीतर मजकूर पडद्याबाहेर पळतो. आणि मेकफाइल नावाची एक फाइल असते, तिच्यात प्रोग्रॅम बांधण्याची कृती लिहिलेली असते. तेथे हुकमाच्या ओळीआधी टॅबच हवा. जागा चार घाला की आठ घाला, ती फाइल चालत नाही.

या टॅबची कथा सांगण्याजोगी आहे. मेक हे साधन स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल लॅबोरेटरीत लिहिले. टॅबची अट अडचणीची आहे हे लवकरच लक्षात आले. पण तोवर डझनभर मंडळी, बहुतेक मित्रच, ते वापरू लागली होती, आणि त्यांची घडी विस्कटू नये म्हणून त्यांनी अट तशीच ठेवली. त्या डझनभरांच्या सोयीसाठी गेली पन्नास वर्षे साऱ्या जगाची माणसे टॅब मोजत बसली आहेत. आमच्या घरी सासूबाईंनी एकदा पाहुण्यांपुरते म्हणून फडताळ दाराआड सरकवले होते, ते अजून तेथेच आहे, तशातली गत.

आता दिवसभरात मी चार प्रकारच्या वीस फाइली उघडते. प्रत्येक वेळी एडिटरला "आता चार जागा", "आता दोन", "आता टॅब" असे सांगत बसले तर काम व्हायचे कधी? शिवाय वीसपैकी एखाद्या वेळी विसरणारच. यावर विममध्ये जी सोय आहे तिला ऑटोकमांड म्हणतात. मी तिला आपोआप चालणारा हुकूम म्हणेन.

आपण कामाच्या बाईंना पहिल्या दिवशी एकदा सांगून ठेवतो : पितळेची भांडी चिंचेने घासा, कल्हईच्या पातेल्याला राख लावू नका, नॉनस्टिकच्या तव्याला तारेचा चोथा नको. मग रोज उभे राहावे लागत नाही. भांडे हातात आले की त्या स्वतःच ओळखतात. या व्यवस्थेला दोन गोष्टी लागतात. भांडे कशाचे आहे ते ओळखता आले पाहिजे, आणि त्या प्रकाराला काय करायचे ते आधी सांगितलेले पाहिजे. विमचेही अगदी तसेच आहे.

ओळखण्याचे काम विम तीन खुणांवरून करतो. बहुधा नावाच्या शेपटीवरून : डॉट पीवाय म्हणजे पायथन, डॉट एचटीएमएल म्हणजे वेबचे पान. कधी सबंध नावावरून, जसे मेकफाइल. आणि नावात काहीच खूण नसेल तर फाइलीची पहिली ओळ वाचून. कारण पुष्कळ प्रोग्रॅमांच्या पहिल्या ओळीत आपण कोणत्या भाषेतले ते सांगितलेले असते. मात्र हे ओळखण्याचे काम चालू करावे लागते. विम उघडताना विमआरसी नावाची आपली एक फाइल वाचतो, तिच्यात "फाइलटाइप प्लगइन इंडेंट ऑन" अशी एक ओळ लिहावी. येथे नवशिक्यांची एक गंमत होते. २०१६ पासून विम नव्या माणसासाठी ही ओळ आपणहून धरून चालतो. पण आपण स्वतःची विमआरसी लिहिली की ही आपणहून केलेली सोय तो काढून घेतो. माहेरहून येणारा डबा सासरी चूल मांडताच बंद व्हावा, तसे. म्हणून पुष्कळांना वाटते की आपण एक ओळ लिहिली आणि चार सोयी मोडल्या.

हुकमाचे वाक्य तीन भागांचे असते : केव्हा, कोणत्या फाइलींसाठी, आणि काय. मी फळ्यावर लिहिलेले वाक्य छापखान्याच्या सोयीसाठी देवनागरीत देते. प्रत्यक्षात ते इंग्रजी अक्षरांत लिहावे लागते.

ऑटोसीएमडी फाइलटाइप पायथन सेटलोकल एक्स्पांडटॅब शिफ्टविड्थ=४

म्हणजे : फाइलीचा प्रकार ठरला आणि तो पायथन निघाला, की तेवढ्या फाइलीत टॅबऐवजी जागा घाल आणि पायरी चार जागांची धर. वेबच्या पानांसाठी पायथनच्या जागी एचटीएमएल आणि चाराच्या जागी दोन. मेकफाइलसाठी उलट, "नोएक्स्पांडटॅब", म्हणजे टॅबला हात लावू नकोस. मेकफाइलपुरता हा शहाणपणा विमने आपल्याजवळही ठेवलेला आहे.

या वाक्यातल्या "सेटलोकल" या शब्दाकडे लक्ष द्या. नुसते "सेट" असेही लिहिता येते, आणि पुष्कळ जण लिहितात. फरक असा की "सेटलोकल" त्या एका फाइलीपुरता असतो. "सेट" म्हटले की त्यानंतर उघडलेल्या नव्या फाइलीही तीच सवय घेऊन जन्माला येतात. सकाळी पायथनची फाइल उघडली, आणि दुपारी साधी यादी लिहायला घेतली तर तिच्यातही पायथनची सवय शिरलेली. असे झाले म्हणजे माणूस यंत्राला दोष देतो. यंत्र बिचारे सांगितले तेवढेच करते.

दुसरी खुबी अशी की हे हुकूम एका गटात बांधावे आणि गटाच्या आरंभी "आधीचे सगळे पुसून टाक" असे लिहावे. कारण विमआरसी पुन्हा वाचवली की विम जुने हुकूम विसरत नाही; तेच नव्याने यादीत जोडतो. दिवसभरात पाच वेळा वाचवली तर एकच काम पाच वेळा होऊ लागते आणि फाइल साठवताना एडिटर अडखळू लागतो. हुकमांची संख्या वाढली की मी ते विमआरसीतून काढून निराळ्या कपाटात ठेवते. "आफ्टर" नावाची घडी, तिच्या आत "एफटीप्लगइन" नावाची, आणि तिच्यात प्रत्येक प्रकाराची एकेक फाइल : पायथनची वेगळी, एचटीएमएलची वेगळी. आफ्टर म्हणजे नंतर. विमच्या स्वतःच्या सूचना वाचून झाल्यावर ती घडी उघडली जाते, म्हणून शेवटचा शब्द घरच्या बाईचा राहतो. मला स्वतःला हीच मांडणी अधिक आवडते.

येथवर सगळी सोयच सोय झाली. पण हुकूम केवळ फाइल उघडण्याच्या वेळीच देता येतो असे नाही. फाइल साठवण्यापूर्वीही देता येतो, आणि तो हुकूम फाइलीतली अक्षरेच बदलू शकतो. शिवाय कोणत्या फाइलींसाठी, या जागी नुसती चांदणी लिहिली की तो सर्व फाइलींना लागू होतो. साठवण्यापूर्वीचा हुकूम आणि चांदणी ही जोडगोळी काय करू शकते, ते माझ्या भाचीच्या बाबतीत आम्ही पाहिले. तिच्या परवानगीनेच सांगते.

मुलीची पहिली नोकरी, पुण्यात, आणि सहा महिने उमेदवारीचे. एका वरिष्ठाच्या विमआरसीतून तिने काही ओळी उतरून घेतल्या होत्या. त्यांत एक ओळ अशी की कोणतीही फाइल साठवण्यापूर्वी तिच्यातला प्रत्येक टॅब काढून त्याजागी चार जागा घालाव्यात. तो वरिष्ठ रात्रंदिवस पायथनच लिहीत असे, त्यामुळे त्याचे काही बिघडत नव्हते. एके संध्याकाळी हिला मेकफाइलमधला एक शब्द दुरुस्त करायला सांगितले. हिने तो केला, फाइल साठवली, पुढे पाठवली आणि घरी आली. रात्री प्रोग्रॅम बांधण्याचे काम पहिल्याच पायरीवर थांबले. मेकची तक्रार नेहमीचीच, ओळीतला विभाजक सापडत नाही म्हणून. आणि ती वाचून टॅबचे नाव सहजी कोणाच्या मनात येत नाही.

खरी अडचण सकाळी आली. कोणी कोणती ओळ केव्हा बदलली याची नोंद अशा ठिकाणी ठेवलेली असते. त्या नोंदीत एका शब्दाऐवजी त्या फाइलीतल्या हुकमाच्या एकूण एक ओळी हिच्या नावावर चढलेल्या. "तुम्ही इतक्या ओळींना हात का लावला?" असे साहेबांनी विचारले. ही म्हणाली, "मी एकच शब्द बदलला." दोघेही खरेच बोलत होते. पण उमेदवारीतल्या मुलीचे खरे आणि साहेबांचे खरे यांचे वजन सारखे नसते, हे आपणांस सांगायला नको. पोरगी रविवारी आमच्याकडे आली ती डोळे सुजवून.

आम्ही दोघी तिचा संगणक घेऊन बसलो. विमला विचारता येते की साठवण्यापूर्वीचे कोणकोणते हुकूम तुझ्याजवळ आहेत. तो यादी दाखवतो. यादीत ती चांदणीची ओळ निघाली. मग आम्ही फाइलीची जुनी आणि नवी प्रत समोरासमोर ठेवली, आणि मोकळ्या जागेतले फरक सोडून बाकीचे दाखव असे गिट या साधनाला सांगितले. पडद्यावर उरला तो एकच बदललेला शब्द. तिने त्या दोन्ही पानांच्या छपाया काढल्या, खाली चार ओळींत कारण लिहिले, टॅब जागच्या जागी घातले आणि सोमवारी ते कागद नेऊन दिले. साहेबांनी ते वाचले, आणि उतरवून घेतलेली ओळ मूळ कोणाची होती हेही विचारले. तिने नाव सांगितले नाही. ते तिने बरे केले की वाईट, यावर आमच्या घरी दोन मते आहेत. नोकरी मात्र पुढे कायम झाली.

माझे म्हणणे एवढेच की रागावण्यापूर्वी मोकळ्या जागा वगळून फरक पाहण्याला अर्धा मिनिट लागते, आणि वरच्या माणसाला ते ठाऊक असले पाहिजे. पण हेही खरे की यंत्राने आपोआप केलेले काम नोंदीत आपल्याच नावावर चढते. तेथे "हे एडिटरने केले" असा रकाना नाही. तिच्या विमआरसीत आता चांदणीच्या जागी "चांदणी डॉट पीवाय" आहे. बदल तीन अक्षरांचा, पण हुकूम ज्या फाइलींसाठी होता त्यांच्यापुरता झाला.

आपल्या मंडळाचेही असेच एक उदाहरण आहे. भोंडल्याच्या गाण्यांची आपली वही आपण टाइप करून घेतली, ती मी मार्कडाउन नावाच्या प्रकारात ठेवली आहे. २००४ मध्ये निघालेली ही साधी लेखनपद्धती. साध्या मजकुरातून तिच्यामुळे वेबचे नीटनेटके पान तयार होते. तिच्यात एक नियम आहे : ओळीच्या शेवटी दोन मोकळ्या जागा सोडल्या तर पुढचा मजकूर नव्या ओळीवर जातो, न सोडल्या तर दोन ओळी एकीत मिसळतात. आता प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना ओळीच्या शेवटच्या मोकळ्या जागा म्हणजे केर वाटतो, आणि साठवण्यापूर्वी तो झाडून टाकण्याचा हुकूम बहुतेकांच्या विमआरसीत असतो. माझ्याही आहे. पण तोच हुकूम गाण्यांच्या फाइलीवर चालला तर कडव्यामागून कडवे एकाच ओळीत वाहून जाईल आणि ऐलमा पैलमा म्हणताना कोठे थांबावे ते कळणार नाही. म्हणून केर काढण्याच्या माझ्या हुकमातून मार्कडाउन वगळलेले आहे. एका ठिकाणचा केर दुसऱ्या ठिकाणी देवापुढची रांगोळी असतो.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती घराच्या कडीकुलपाची आहे. हुकूम आपल्याच विमआरसीतून यावा असे नाही. फाइलीच्या पहिल्या किंवा शेवटच्या पाच ओळींत "मला असे असे उघड" अशी सूचना लिहून ठेवता येते. तिला मोडलाइन म्हणतात. हेतू चांगला, की फाइल ज्या घरी जाईल तेथे आपली रीत घेऊन जावी. पण जून २०१९ मध्ये उघड झाले की खुबीने लिहिलेल्या अशा ओळीतून, फाइल नुसती उघडताच, उघडणाऱ्याच्या संगणकावर वाटेल तो हुकूम चालवता येतो. ते भोक लगेच बुजवले गेले. तरीही मी मोडलाइन बंदच ठेवते. पाहुण्याने आपली आवड सांगावी. स्वयंपाकघरातले डबे उघडू नयेत. ज्यांच्या घरी मुले विम वापरतात त्यांनी "नोमोडलाइन" एवढा एकच शब्द त्यांच्या कानावर घालावा. आई किंवा सासूबाई हे कोठे शिकल्या, म्हणून पाहत राहतील.

अनेक जण मिळून एकाच कामावर असले तर प्रत्येकाची विमआरसी वेगळी असणारच. त्यासाठी एडिटरकॉन्फिग नावाची तोड निघाली आहे. कामाच्या घडीतच एक छोटी फाइल ठेवायची, आणि तिच्यात कोणत्या प्रकाराला जागा आणि कोणत्याला टॅब ते एकदाच लिहायचे. मग कोणी कोणताही एडिटर वापरो, रीत एकच राहते. विमबरोबर ही सोय २०२३ पासून येते, मात्र ती चालू करून घ्यावी लागते. भाचीच्या कचेरीत ही फाइल आधीपासून असती आणि तिच्यात मेकफाइलला टॅब असे लिहिलेले असते, तरी ती उसनी ओळ थांबली नसती. कारण एडिटरकॉन्फिग टाइप करण्याची रीत ठरवते, साठवण्यापूर्वीच्या खासगी हुकमाला अडवीत नाही. ही तोड सगळ्यावरचे औषध समजणारे पुष्कळ भेटतात, म्हणून सांगितले.

घरी जाऊन कोणाला करून पाहायचे असेल, किंवा मुलांना विचारायचे असेल, तर दोन वाक्ये लिहून घ्या. फाइलीत काही विचित्र दिसले तर "व्हर्बोज सेट शिफ्टविड्थ" असे लिहून पुढे प्रश्नचिन्ह घालावे. आत्ता पायरी किती आहे आणि ती शेवटी कोणत्या फाइलीने ठरवली, हे विम नावगावासकट सांगतो. आणि एखादी फाइल परक्याची असेल, तिला आपल्या कोणत्याही आपोआप हुकमाचा स्पर्श होऊ नये असे वाटत असेल, तर साठवताना नुसते "राइट" न म्हणता "नोऑटोसीएमडी राइट" म्हणावे. तेवढ्या एका वेळेपुरते सगळे हुकूम गप्प बसतात.

गाण्यांच्या फाइलीत दोन गाणी अजून घालायची राहिली आहेत. ज्यांना येतात त्यांनी कार्यक्रमानंतर मला गाठावे. मी वही आणली आहे.